‘चांगला’ हा शब्द नसलेली गोष्ट

नाताळचा अंक जवळ आला की आमच्या टेबलावर कथांची चळत वाढू लागते. धर्मग्रामातील कॉलेजात जाणारी मुले, सेवानिवृत्त शिक्षिका, बँकेतील एखादा कारकून, क्वचित नातवाकडून लिहवून घेणारी एखादी आजीबाई, असे अनेकजण कथा लिहितात आणि “फादर, जरा नजरेखालून घाला” असे म्हणून आमच्या हाती देतात. आम्हांस या कथांचे अगत्य आहे. दिवसभराचे काम आटोपून, घरातील दिवा उगाच जास्त वेळ जळतो म्हणून बोलणी खाऊन, माणसे कागद-लेखणी घेऊन बसतात, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र या कथांत एक खूण आम्हांस वर्षानुवर्षे आढळत आली आहे. पहिल्याच परिच्छेदात नायक ‘गरीब पण प्रामाणिक’ असतो. त्याची पत्नी ‘सोशिक’ असते, सासू ‘खाष्ट’ असते, शेजारी ‘मत्सरी’ असतो, आणि शेवटच्या परिच्छेदात या सर्वांना देवाच्या करुणेची प्रचीती येते. यात खोटे असे काही नसते. लिहिणाऱ्याची तळमळही खरी असते. तरीही कथा वाचून बाजूला ठेवली की दहा मिनिटांनी त्यातील एकही माणूस डोळ्यांसमोर उभे राहत नाही. ती सोशिक पत्नी गोरी की सावळी, ती उंबऱ्यात कशी बसे, रागावल्यावर तिच्या हातातल्या भांड्याचा आवाज कसा होई, यांतले आपल्याला काहीच ठाऊक नसते. ती सोशिक होती एवढे मात्र लेखकाने आपल्याला सांगितलेले असते. सांगितले आणि आपण ऐकले. प्रकरण तेथेच मिटले.

कथेत सांगण्यापेक्षा दाखवावे, हा उपदेश साहित्याच्या वर्गांतून नेहमी केला जातो. परंतु दाखवावे म्हणजे नेमके काय करावे? एक उदाहरण आम्हीच रचून देतो. समजा, कोणी लिहिले: “इनासला आपल्या दिवंगत पत्नीची फार आठवण येत असे. तो अतिशय एकाकी झाला होता.” वाक्ये शुद्ध आहेत, अर्थही स्पष्ट आहे. आता हेच पुढीलप्रमाणे लिहून पाहू.

“सकाळपासून पाऊस कोसळत होता. मिस्साची पहिली घंटा झाली. इनासने दारामागच्या खुंटीवरची निळ्या फुलांची छत्री काढली, तिच्या दांड्याला गुंडाळलेला दोरा अंगठ्याने चाचपला, आणि छत्री पुन्हा खुंटीला लावली. मग पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन तो अंगणातल्या पाण्यात उतरला.”

या दुसऱ्या लेखनात ‘एकाकी’ हा शब्द नाही, ‘आठवण’ नाही, ‘पत्नी’ तर नाहीच. पण निळ्या फुलांची छत्री कोणाची असावी, मोडक्या दांड्याला तो दोरा कोणी गुंडाळला असावा, आणि हाताशी छत्री असताना हा गृहस्थ भिजत का निघाला, हे प्रश्न वाचकाच्या मनात उठतात व उत्तरेही तोच देतो. जे उत्तर आपण स्वतः शोधून काढतो ते आपले होते. दुसऱ्याने हातावर ठेवलेले उत्तर आपण खिशात घालतो आणि विसरतो.

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. चित्रदर्शी लिहावयाचे म्हणजे अलंकारिक लिहावयाचे असे पुष्कळांना वाटते. मग आकाश ‘आक्रंदू’ लागते, मेघ ‘काळेकुट्ट’ होतात, विजा ‘सैतानाच्या जिभेसारख्या’ लवलवतात, आणि बिचारा इनास या गदारोळात कोठल्या कोठे वाहून जातो. अशा लेखनात लेखकाचे शब्दवैभव दिसते. पाऊस दिसत नाही. विशेषणे वाढवल्याने चित्र ठळक होत नाही, ते चिखलमय होते. रशियन कथाकार आन्तोन चेखव याने १८८६ साली आपला थोरला भाऊ अलेक्सांद्र याला लिहिलेल्या एका पत्रात याविषयी मोठा मार्मिक सल्ला दिला आहे. चांदण्या रात्रीचे वर्णन करावयाचे तर चंद्राची स्तुतिस्तोत्रे गाऊ नयेत. पाणचक्कीच्या बांधावर पडलेली फुटक्या बाटलीची काच चकाकताना दिसली की रात्र आपोआप उभी राहते, असा त्याचा आशय आहे. पुढे १८९६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘सी-गल’ या नाटकातही त्याने हीच फुटकी बाटली एका धडपडणाऱ्या तरुण लेखकाच्या तोंडी आणली आहे. आपल्या प्रतिस्पर्ध्याला हे किती सहज साधते आणि आपण मात्र चंद्रप्रकाश, तारका आणि दूरवरचे संगीत यांतच अडकून पडलो आहोत, याची त्या तरुणाला खंत वाटते. चेखव व्यवसायाने डॉक्टर होता. रोग्याने “मला फार वाईट वाटते” असे सांगितले तर डॉक्टराचे काम भागत नाही. कोठे दुखते, केव्हा दुखते, जीभ कशी आहे, नाडी कशी आहे, हे पाहावे लागते. ही पाहण्याची शिस्त त्याच्या कथांत उतरली आहे.

परंतु या गोष्टीसाठी रशियापर्यंत जाण्याची तरी काय गरज? आपण दर रविवारी ज्या कथा ऐकतो त्या कथांचा सांगणारा या कलेत कोणालाही हार जाणारा नव्हता. आपल्या कानांना त्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्यांची घडण आपल्या लक्षात येत नाही, एवढेच.

संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पाहा. एक शास्त्री प्रभू येशूला विचारतो की आपला शेजारी कोण? प्रश्न व्याख्येचा आहे. व्याख्या देता आली असती. त्या काळचे धर्मपंडित व्याख्या करण्यात निष्णात होते. येशूने व्याख्या केली नाही. त्याने एक रस्ता दाखवला. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा तो रस्ता ऐकणाऱ्यांच्या पायाखालचा होता. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात ही वाट हजार मीटर खाली जाते. दोन्ही बाजूंना उजाड डोंगर आणि लपण्यास सोयीच्या घळी. त्या वाटेवर एक मनुष्य अर्धमेला पडला आहे. याजक येतो, पाहतो, बाजूने निघून जातो. लेवी येतो, पाहतो, बाजूने निघून जातो. त्यांना कोणी ‘निर्दय’ म्हटलेले नाही, ‘ढोंगी’ही म्हटलेले नाही. त्यांची पावले कोणत्या बाजूला वळली, एवढेच दाखवले आहे.

मग शोमरोनी येतो. आता त्याच्या हातांकडे लक्ष द्या. तो जवळ जातो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हाती देतो. एक दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हे मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला कळते. अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असेही तो सांगून ठेवतो. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, जनावर, दोन नाणी, आणि वरच्या खर्चाची हमी. एखाद्या हिशेबाच्या वहीत शोभावी अशी ही यादी आहे, आणि या यादीतच सारे प्रेम सामावले आहे.

या कथेला आपण ‘चांगल्या शोमरोन्याचा दाखला’ म्हणतो. पण लूकच्या मजकुरात त्या माणसाला ‘चांगला’ हे विशेषण कोठेही लावलेले नाही. ते आपण मागाहून शीर्षकात घातले. सांगणाऱ्याने माणूस दाखवला. ‘चांगला’ हा निवाडा ऐकणाऱ्यांनी केला. शेवटी येशू त्या शास्त्र्यालाच विचारतो की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेतो. शोमरोनी हे नावही उच्चारणे त्या शास्त्र्याला जड गेले असावे. दया करणारा तो, असे म्हणून त्याने वेळ मारून नेली. हाही बारकावा लूकने नुसता दाखवला आहे, समजावून सांगितलेला नाही.

याचा अर्थ कथेत भावना उच्चारूच नये असा घ्यावयाचा काय? तसेही नाही. याच दाखल्यात भावना सांगणारा एक शब्द आहे, आणि तो मोठा बोलका आहे. शोमरोन्याला कळवळा आला, असे आपण वाचतो. मूळ ग्रीक क्रियापद ज्या नामापासून बनले आहे त्याचा अर्थ आतडी, पोटातील अवयव असा आहे. त्याचे आतडे तुटले, त्याच्या पोटात कालवले, असे आपण मराठीत म्हणू. आपल्या मायबोलीत माया ही आतड्याचीच असते, हे या ठिकाणी फार उपयोगी पडते. लूकने हे क्रियापद तीन ठिकाणी वापरले आहे: नाईन गावच्या विधवेच्या एकुलत्या मुलाची तिरडी पाहून प्रभूला जे झाले तेथे, या शोमरोन्याच्या बाबतीत, आणि उधळ्या पुत्राला दूर असतानाच पाहणाऱ्या पित्याच्या बाबतीत. भावना सांगावयाची वेळ आली तेव्हाही ती शरीरातून सांगितली आहे. तिन्ही ठिकाणी आधी पाहणे आहे, मग पोटात तुटणे, आणि लगेच कृती.

विशेषणांविषयीही असेच म्हणता येईल. ती वर्ज्य नाहीत. ती कमवावी लागतात. संत मार्कचे शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत आखूड आणि घाईचे. तरीही पाच हजारांना जेवू घालण्याच्या प्रसंगी मार्क क्षणभर थांबून सांगतो की लोक हिरव्या गवतावर बसले. ‘हिरव्या’ हे एकच विशेषण. पण त्या प्रदेशात हिवाळी पावसानंतर थोडेच दिवस गवत हिरवे राहते, मग उन्हाने सारे करपून जाते. त्या एका शब्दाने वसंत ऋतू डोळ्यांसमोर येतो. आणि त्या वेळी वल्हांडण सण जवळ आला होता, असे संत योहान याच प्रसंगी नोंदवतो. एक विशेषण, पण त्यात ऋतू आहे, सण आहे, आणि भुकेल्या माणसांना बसावयास मऊ जमीन आहे.

चित्र किती बोलू शकते याचा कळस पाहावयाचा असेल तर योहानच्याच शुभवर्तमानातील दोन शेकोट्या पाहाव्यात. महायाजकाच्या वाड्यात थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता. त्या विस्तवाशी हात शेकत उभा असताना पेत्राने आपल्या गुरूला तीन वेळा नाकारले. पुढे पुनरुत्थानानंतर तिबिर्य सरोवराच्या काठी, पहाटे, रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हातांनी परतणाऱ्या शिष्यांना विपुल मासळी मिळते. पेत्र पाण्यात उडी टाकून काठाला येतो, आणि किनाऱ्यावर काय पाहतो? कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. या ‘कोळशाच्या विस्तवा’साठी योहानने जो ग्रीक शब्द वापरला आहे तो संपूर्ण नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला तीन वेळा विचारतो की माझ्यावर तुझी प्रीती आहे काय? पहिला विस्तव पेत्राला आठवला, असे योहानने लिहिलेले नाही. त्याची मान खाली गेली, हेही नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो दुःखी झाला, एवढे मात्र लिहिले आहे. निखाऱ्यांचा वास आपल्या नाकाला लागावा आणि आपणच दचकावे, याची व्यवस्था लेखकाने करून ठेवली आहे. आम्ही सेमिनरीत नव्या कराराचा अभ्यास करीत असताना या दोन विस्तवांकडे आमच्या प्राध्यापकांनी लक्ष वेधले होते. त्या वर्षी पाठ केलेल्या व्याख्यांपैकी फारच थोड्या आज आठवतात. ते निखारे अद्याप विझलेले नाहीत.

ही दाखवण्याची परंपरा पुढे चर्चने जपली. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेस पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. धर्मगुरूंना दरवर्षी रिट्रीटला बसावे लागते, त्यामुळे या पुस्तिकेशी आमचा परिचय जुना आहे. ख्रिस्तजन्माचे मनन करताना इग्नेशियस साधकाला तत्त्वचिंतन करावयास सांगत नाहीत. आधी नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट डोळ्यांसमोर आणा, असे ते सांगतात: ती किती लांब आहे, किती रुंद आहे, सपाटीवरून जाते की डोंगरदऱ्यांतून? मग ती गुहा: केवढी आहे, उंच की ठेंगणी, आत काय काय आहे? स्वतःला तेथील एक दीन सेवक समजून त्या कुटुंबाच्या सेवेत उभे राहावे, ते काय बोलतात ते ऐकावे, असाही त्यांचा आदेश आहे. ज्या गोष्टीच्या आत आपण पाऊल टाकले नाही ती गोष्ट आपल्याला बदलत नाही, हे त्या जुन्या सैनिकाला पुरते ठाऊक होते.

त्यांच्याच येशूसंघातील फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्रज मातीतून गोव्यास आले आणि त्यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात त्यांनी मराठीची जी थोरवी गाइली आहे ती सर्वांना परिचित आहे. ती थोरवी कशी गाइली आहे ते मात्र पाहण्याजोगे आहे. ‘श्रेष्ठ’, ‘सुंदर’ अशी विशेषणे रचत बसण्याऐवजी त्यांनी फुलांतील मोगरा दाखवला, सुगंधांतील कस्तुरी दाखवली, पक्ष्यांतील मोर दाखवला. ऐकणारा शेतकरी असो की विद्वान, मोगऱ्याचा वास त्याला माहीत होता.

मराठी कादंबरीच्या इतिहासातही या विषयाचा एक बोलका दाखला आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले बाबा पदमनजी यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे. हिंदू विधवांची हलाखी जगापुढे मांडावी ही त्यामागची कळकळ होती. यमुना प्रवासास निघते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते, आणि त्यांना जोडून चर्चा होतात, युक्तिवाद होतात, उपदेश होतो. एवढे धैर्य दाखवणाऱ्या त्या लेखकापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पुढे १८९० नंतरच्या वर्षांत हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. योगायोग असा की तिच्याही नायिकेचे नाव यमुनाच. विषयही तोच. परंतु ही यमू स्वतःच आपली हकिकत सांगते, घरगुती बोलीत, माहेरच्या ओसरीपासून सासरच्या माजघरापर्यंत. वाचक तिच्याबरोबर लहानाचा मोठा होतो. त्यामुळे शेवटी तिचे सक्तीने केशवपन होते तेव्हा विधवांचा प्रश्न उरत नाही. आपल्या ओळखीच्या एका मुलीच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो. पहिल्या यमुनेबद्दल वाचक सहमत होतो. दुसऱ्या यमूसाठी तो तळमळतो. समाज बदलावयाचा तर दोन्ही यमुना लागतात, हे आम्ही मान्य करतो. पण घरातल्या बायामाणसांच्या मनात कोण शिरली, हे उघड आहे.

येथे एखादा चाणाक्ष वाचक विचारील: मग सारेच दाखवीत बसावयाचे काय? तसे केले तर कथा संपणारच नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात तो मुलगा दूर देशी जातो आणि सारी मालमत्ता उडवून टाकतो, हे एका वाक्यात सांगून टाकले आहे. तेथे मेजवान्या, जुगार, संगत यांचे रसभरित वर्णन करता आले असते. तेथे कथा थांबत नाही. ती थांबते डुकरांच्या शेंगांपाशी, ती थांबते वाटेवर धावणाऱ्या म्हाताऱ्या बापापाशी, उत्तम झग्यापाशी, अंगठीपाशी, पायांतल्या वहाणांपाशी. वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने कथनमीमांसेवरील आपल्या १९६१ सालच्या ग्रंथात बजावले आहे की कोणत्याही कथेतून सांगणे पूर्णपणे हद्दपार करता येत नाही. तसा हट्टही धरू नये. जे ओलांडून जावयाचे ते सांगावे. जेथे वाचकाने थांबावे असे वाटते तेथे दाखवावे. कोठे थांबावे हे ज्याला कळले त्याला निम्मी कथा साधली.

आतापर्यंतचे विवेचन कलेविषयी झाले. पण आम्ही धर्मगुरू आहोत, आणि या प्रश्नाचे आम्हांस वाटणारे महत्त्व केवळ कलेपुरते नाही.

आमच्या कामात मर्तिकाचे प्रवचन वारंवार करावे लागते. आदल्या रात्री किंवा सकाळी घरची माणसे भेटावयास येतात. गेलेल्या व्यक्तीविषयी काही सांगा, असे आम्ही म्हणतो, आणि ठरलेले शब्द येतात: प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक. माणसे दुःखात असतात. तयार शब्दांचा आधार घेणे स्वाभाविक आहे. पण हेच चार शब्द मागच्या आठवड्यातील शवपेटीपुढेही उच्चारलेले असतात. विशेषणे सर्वांना सारखी बसतात, म्हणूनच ती कोणाचीच नसतात. अशा शब्दांखाली माणूस दुसऱ्यांदा पुरला जातो, असे आम्हांस कधीकधी वाटते.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या आईच्या दफनविधीसाठी भेटावयास आले होते. त्यांनीही तेच सांगितले. “आई फार प्रेमळ होती, फादर. धार्मिक होती. कष्टाळू होती.” आणि ते गप्प झाले. आम्ही विचारले, “संध्याकाळी जपमाळेच्या वेळी त्या कोठे बसत?” ते म्हणाले, “दाराजवळ. पाटावर.” “हातात काय असे?” “जपमाळ. आणि प्रार्थनेचे पुस्तक. तिला वाचता फारसे येत नव्हते, पण पुस्तक लागायचेच.” ते थोडे थांबले, आणि मग म्हणाले, “त्या पुस्तकात एक कागद होता, फादर.”

तो कागद त्यांनी दुपारी आणून दाखवला. वडील लवकर गेले. मुले लहान. घर उभे करताना ज्यांच्याकडून उसने घेतले त्यांची नावे त्या माउलीने मुलाकडून वहीच्या पानावर लिहून घेतली होती. कोणाचे वीस रुपये, कोणाचे मणभर भात. एकेकाचे देणे फिटत गेले. देणे फिटले की आपण नाव खोडतो. तिने एकही नाव खोडले नव्हते. फिटलेल्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लहानसा क्रूस काढला होता. “हे काय ग आई?” असे मुलाने कधी तरी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, “पैसे दिले म्हणून झाले का रे?” जपमाळ संपली की त्या प्रत्येक नावासाठी ती एक नमो मरिया म्हणत असे. कागद घडीवर झिजून चार तुकडे होऊ लागला होता. मागून तो दोऱ्याने टाचला होता.

दफनविधीच्या मिस्सात आम्ही त्या कागदाविषयी बोललो. नावे अर्थातच उच्चारली नाहीत. ‘प्रेमळ’ आणि ‘धार्मिक’ हे शब्द वापरण्याची गरज पडली नाही. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ शवपेटीजवळ बराच वेळ उभे होते. ते त्या यादीत होते किंवा नव्हते, हे आम्ही विचारले नाही.

प्रभूने आपल्याला न्याय करू नका असे बजावले आहे. आम्हांस वाटते, ही आज्ञा कथा लिहिणाऱ्यालाही लागू आहे. विशेषण हा एक निवाडा असतो. ‘खाष्ट सासू’ असे लिहिले की तिच्यावरील खटला संपला; आता तिला बोलू देण्याची गरज उरली नाही. पण तिला चुलीपुढे बसवा, सुनेने केलेली भाकरी ती उलटीसुलटी करून पाहते ते दाखवा, आणि तीच सासू रात्री सुनेच्या तान्ह्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालते, हेही दिसले तर दाखवा. मग ती खाष्ट आहे की आणखी काही, हे ठरवणे तितके सोपे राहत नाही. वाचकाला निवाडा करण्याची घाई करता येत नाही. तो पाहत राहतो. एखाद्या माणसाकडे निवाडा न करता पाहत राहणे हे प्रीतीचे आरंभस्थान आहे. शोमरोन्याच्या कथेत पोटात तुटण्याआधी पाहणे आहे ते उगाच नव्हे.

आणि वाचकाविषयीही विश्वास हवा. कथेच्या शेवटी तात्पर्य टांगल्याशिवाय आपल्या लेखकांना चैन पडत नाही, कारण वाचक चुकीचा अर्थ काढील अशी त्यांना धास्ती असते. उधळ्या पुत्राचा दाखला कोठे संपतो ते आठवा. घरात वाद्ये वाजत आहेत. थोरला मुलगा रागावून बाहेर उभा आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. मुलगा आत गेला का? लूक सांगत नाही. तो मुलगा आजही अंगणातच उभा आहे, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपण कोठे उभे आहोत ते स्वतःच पाहावे लागते. देवाने माणसाला दिलेल्या स्वातंत्र्याचा एवढा मान राखणारी कथा असू शकते, तर आपणही आपल्या वाचकाला थोडे मोकळे सोडावयास हरकत नाही.

म्हणून आमच्या तरुण लेखकमित्रांना व भगिनींना एकच विनंती आहे. लिहावयास बसण्यापूर्वी ज्या माणसाविषयी लिहावयाचे त्याच्याकडे पुरेसा वेळ पाहा. तो कोठे बसतो, त्याच्या हातात काय असते, काय तो जपून ठेवतो आणि काय खोडत नाही. ते सापडले की साध्या शब्दांत लिहा, आणि जेथे ते संपते तेथे थांबा.